एक शब्द आणि एक नमस्कार : चीनमधील ख्रिस्ती धर्माचा जुना वाद

आजच्या चीनमध्ये सरकार पाच धर्मांना अधिकृत मान्यता देते : बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. या यादीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच धर्माचे दोन पंथ म्हणून येत नाहीत, दोन वेगळे धर्म म्हणून येतात. सामान्य चिनी माणसालाही ते तसेच वाटतात, कारण त्यांची नावेच वेगळी आहेत. कॅथलिकांचा धर्म 'थ्येन-चू-चिआओ', म्हणजे स्वर्गाच्या स्वामीचा धर्म, आणि प्रोटेस्टंटांचा 'ची-तू-चिआओ', म्हणजे ख्रिस्ताचा धर्म. एक देव, एक येशू आणि एकच बायबल मानणाऱ्यांची अशी दोन नावे का पडली, हे शोधू गेल्यास आपण चारशे वर्षे मागे जातो आणि एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापाशी थांबतो : परक्या भाषेत देवाला काय म्हणायचे? या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न होता. मेलेल्या आईवडिलांपुढे डोके टेकवणे ही पूजा आहे, की केवळ आदर?

चीनमधील ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगताना सहसा बंदुका, अफू आणि तह यांच्यापासून सुरुवात होते. तो भाग खरा असला तरी उशिरा आलेला आहे. माझ्या मते या इतिहासाचे मर्म त्याच्या कितीतरी आधीच्या या दोन प्रश्नांमध्ये आहे. ते सुटले नाहीत म्हणून एका मोठ्या राज्याचे दार बंद झाले, आणि शेजारच्या कोरियात माणसांचे प्राण गेले.

सुरुवात मात्र युरोपीय लोकांपासून झाली नाही. इसवी सन ६३५ मध्ये आलोपेन नावाचा धर्मोपदेशक थांग राजवटीची राजधानी छांगआन, म्हणजे आजचे शीआन, येथे पोहोचला. तो ज्या ख्रिस्ती परंपरेचा होता तिची मुळे इराण आणि इराकच्या प्रदेशात होती, आणि तिची धर्मभाषा सिरियाक होती. सम्राट थाइत्सुंगने ६३८ मध्ये या धर्माला परवानगी दिली आणि चिनी लोकांनी त्याला 'चिंग-चिआओ', म्हणजे तेजस्वी धर्म, असे नाव दिले. ही हकीकत ७८१ मध्ये उभारलेल्या एका मोठ्या शिलालेखामुळे आपल्याला ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो जमिनीखालून मिळाला आणि आता शीआनच्या शिलालेख संग्रहालयात उभा आहे.

या शिलालेखात देवासाठी जो शब्द आला आहे, तो सिरियाक भाषेतील 'आलाहा' या शब्दाचे चिनी अक्षरांत केलेले रूप आहे. मात्र त्यासाठी निवडलेली अक्षरे चिनी बौद्ध ग्रंथांत आधीच 'अर्हत' हा आपल्याकडून गेलेला शब्द लिहिण्यासाठी वापरली जात होती. या परंपरेच्या काही चिनी लेखनात येशूला जे संबोधन मिळाले आहे, तेही बुद्धाला लावले जाणारे, 'जगाला वंदनीय' या अर्थाचे आहे. शिलालेखाचा मजकूर रचणाऱ्या चिंगचिंगने प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूबरोबर एका बौद्ध सूत्राच्या भाषांतराचे कामही केले होते. नव्या धर्माला नवी भाषा एका दिवसात मिळत नाही, त्याला समाजात रुळलेले शब्द उसने घ्यावे लागतात, आणि प्रत्येक उसना शब्द आपला जुना अर्थ सोबत घेऊन येतो. पुढे ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने बौद्ध मठांवर कठोर कारवाई केली, तेव्हा ती या 'परदेशी' धर्मावरही झाली आणि चीनमधून तो जवळजवळ नाहीसा झाला.

मंगोल काळात ख्रिस्ती धर्म चीनमध्ये पुन्हा दिसू लागतो. कुब्लाई खानाची आई सोरकाकतानी हीच पूर्वेकडील या प्राचीन ख्रिस्ती परंपरेतील होती. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचा जॉन ऑफ माँतेकोर्व्हिनो हा भारतात, मैलापूरच्या सेंट थॉमसच्या समाधीपाशी काही काळ राहून १२९४ च्या सुमारास खानबालिक, म्हणजे पुढचे पेकिंग (आजचे बीजिंग), येथे पोहोचला. याच प्रवाहातील एक घटना महाराष्ट्रात घडली असूनही आपल्याकडे ती फारशी कोणाला ठाऊक नाही. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार ख्रिस्ती प्रवासी ठाण्याच्या बंदरात उतरले आणि तेथे झालेल्या धर्मविषयक वादातून त्यांना ठार मारण्यात आले. त्यांचा प्रमुख तोलेंतिनोचा थॉमस होता. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन तेथे आला. त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि समुद्रमार्गे चीनच्या छ्वानचौ बंदरातील आपल्या संघाच्या मठात पोहोचवल्या. १३६८ मध्ये मंगोल राजवट कोसळली आणि तिच्या आश्रयाने वाढलेला हा समाजही विरून गेला.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर, पोर्तुगीज गलबतांबरोबर आलेल्या जेझुइटांपासून, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंपासून, आणि त्यात गोवा वारंवार येते. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व पोपने दिलेले होते. बिशपांच्या नेमणुका, मिशनऱ्यांचा प्रवास आणि खर्च हे सारे लिस्बन व गोव्यामार्फत चाले. १५७६ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वसाहत मकाव येथे धर्मप्रांत स्थापन झाले तेव्हा चीनचे चर्चही गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत आले.

जेझुइटांपैकी पहिला फ्रान्सिस झेवियर. तो १५४२ मध्ये गोव्यात आणि १५४९ मध्ये जपानमध्ये पोहोचला. जपानमध्ये त्याने देवासाठी आपल्या दुभाष्याच्या सल्ल्याने 'दाइनिची' हा शब्द वापरला. हे शिंगोन बौद्ध पंथातील महावैरोचन बुद्धाचे नाव आहे. झेवियर गोव्याहून, म्हणजे जपानी लोकांच्या दृष्टीने बुद्धाच्या देशातून, आलेला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा समज झाला की हा बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ असावा. यामागुचीच्या सरदाराने १५५२ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांना जागा दिली, तेव्हा त्या दानपत्रातही हे लोक बुद्धाचा धर्म सांगण्यासाठी आले आहेत असे लिहिले गेले. चूक लक्षात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकून दिला आणि लॅटिन 'देउस' हाच शब्द जपानी उच्चारात ठेवला. उसना शब्द गैरसमज निर्माण करतो आणि परका शब्द काहीच अर्थ सांगत नाही, ही अडचण पुढच्या प्रत्येक मिशनऱ्यासमोर उभी राहिली. झेवियर १५५२ च्या डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्यावरील शांगच्वान बेटावर, चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल न ठेवताच, मरण पावला. त्याचे शव आज जुन्या गोव्यात आहे.

पुढची पायरी आलेस्सांद्रो वालिन्यानो या जेझुइट अधिकाऱ्याच्या आदेशाने पडली. चीनला जाणाऱ्याने आधी चिनी भाषा शिकावी, वाचायला आणि लिहायलाही, असे त्याने ठरवून दिले. आज हे उघड वाटते, परंतु त्या काळी मिशनऱ्यांनी नव्हे, तर बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी पोर्तुगीज व्हावे अशी अनेकांची समजूत होती. मत्तेओ रिच्ची हा इटालियन तरुण १५७८ मध्ये गोव्यात आला, कोचीनला त्याची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली, आणि १५८२ मध्ये तो गोव्याहून मकावकडे निघाला. गोव्यात असताना, भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वर्गांतून दूर ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध त्याने रोमला पत्र लिहिले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट रिच्चीनंतर पुढच्याच वर्षी, १५७९ मध्ये, गोव्यात आला. त्याने मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. येशूची कथा पुराणाच्या रूपात सांगण्याचा तो प्रयत्न आणि रिच्चीने चीनमध्ये केलेले काम ही एकाच विचारातून उगवलेली दोन झाडे आहेत.

रिच्ची १५८३ मध्ये मिकेले रुज्जेरीबरोबर चाओछिंग शहरात राहू लागला. सुरुवातीला दोघांनी बौद्ध भिक्षूंसारखे मुंडन केले आणि तशीच वस्त्रे घातली, कारण धर्माचा माणूस म्हणजे भिक्षू असा त्यांचा समज होता. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की चीनमध्ये खरा मान ग्रंथ पढलेल्या विद्वानांना असतो, राज्यकारभारही तेच चालवतात, आणि त्यांच्यातील अनेक जण भिक्षूंना फारसे मोजत नाहीत. १५९५ पासून रिच्चीने विद्वानांचा रेशमी झगा धारण केला. त्याने चिनी भाषेत जगाचा नकाशा काढला, ज्याची मोठी आवृत्ती १६०२ मध्ये ली चिचाओच्या मदतीने निघाली. शू क्वांगछी या विद्वान अधिकाऱ्याबरोबर युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा पुस्तकांचे भाषांतर त्याने १६०७ मध्ये पूर्ण केले. शू स्वतः १६०३ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढे राज्यातील सर्वोच्च पदांपैकी एकावर पोहोचला. रिच्ची १६०१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१० पर्यंत, पेकिंगमध्ये होता. तेथे तो वारला, तेव्हा सम्राटाने त्याच्या दफनासाठी जागा दिली. परदेशी माणसासाठी हा फार मोठा मान होता.

देवासाठी शब्द निवडताना रिच्चीपुढे तीन मार्ग होते. 'थ्येन-चू', म्हणजे स्वर्गाचा स्वामी, हा शब्द रुज्जेरीच्या काळापासून वापरात आला होता आणि तो समजायला सोपा होता. दुसरा शब्द 'शांग-ती', म्हणजे सर्वोच्च अधिपती. हा कन्फ्यूशियसच्याही आधीच्या प्राचीन चिनी ग्रंथांत येतो. तिसरा 'थ्येन', म्हणजे नुसते स्वर्ग किंवा आकाश, जे साऱ्या विश्वाच्या नैतिक व्यवस्थेचे नाव होते. रिच्चीचे म्हणणे असे होते की अतिप्राचीन चिनी लोक एका सर्वोच्च, जाणत्या ईश्वराला मानत होते, ती ओळख पुढच्या तत्त्वज्ञांनी धूसर केली, आणि आपण चिनी लोकांना नवा देव देत नसून त्यांच्याच ग्रंथांतील विसरलेल्या देवाची आठवण करून देत आहोत. १६०३ मध्ये छापलेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्याने हीच मांडणी केली आहे. मला ही मांडणी धाडसी आणि प्रेमळ दोन्ही वाटते, कारण ऐकणाऱ्याच्या पूर्वजांना अंधारात ढकलून दिल्याशिवायही आपला धर्म सांगता येतो, असे ती मानते.

तिला पहिला विरोध मात्र रिच्चीच्याच संघातून झाला. त्याच्या जागी प्रमुख झालेल्या निकोलो लोंगोबार्दोने विचारले, की आजचे चिनी विद्वान 'शांग-ती' म्हणताना जाणता ईश्वर समजतात, की निसर्गाची एक निराकार शक्ती? त्याने विद्वानांना विचारून पाहिले होते, आणि मिळालेली उत्तरे दुसऱ्या प्रकारची होती. त्याची शंका क्षुल्लक नव्हती. शब्दाचा अर्थ हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथावरून ठरवायचा, की आज तो बोलणाऱ्याच्या मनातून? १६२७-२८ मध्ये च्यातिंग येथे जेझुइटांची याच प्रश्नावर बैठक झाली आणि पुढे 'थ्येन-चू' हाच शब्द रूढ झाला. कॅथलिकांचे चिनी नाव त्यावरूनच पडले.

आता नमस्काराचा प्रश्न. चिनी घरात पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पट्ट्या असत. ठरलेल्या दिवशी त्यांच्यापुढे उदबत्ती लावून अन्न ठेवले जाई आणि कुटुंबातील सर्वजण जमिनीला कपाळ टेकवत. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्या घरांना याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. दुसरी प्रथा कन्फ्यूशियसची. राज्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला त्याच्या मंदिरात जाऊन वंदन करावे लागे, आणि अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने ते पुन्हा करावे लागे. याचा व्यवहारातील अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कन्फ्यूशियसला नमस्कार निषिद्ध केला, तर ख्रिस्ती माणूस परीक्षा देऊ शकत नाही, म्हणून अधिकारी होऊ शकत नाही. पूर्वजांना नमस्कार निषिद्ध केला, तर घरातील मोठा मुलगा आईबापांचा द्रोही ठरतो. चीनमध्ये पितृभक्ती ही केवळ घरगुती भावना नव्हती. मुलाने बापाशी जसे वागावे तसे प्रजेने सम्राटाशी, या विचारावर संपूर्ण राज्यव्यवस्था उभी होती. म्हणजे हा नमस्कार नाकारणे हे राजद्रोहाच्या अगदी जवळ जाणारे होते.

रिच्चीने ठरवले की या प्रथा मूलतः नागरी आहेत. मेलेल्यांची सेवा ते जिवंत असल्यासारखी करावी, असे कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ सांगतात. अन्न ठेवणारा विद्वान ते पूर्वज खायला येतील असे मानत नाही, कृतज्ञता दाखवण्याची दुसरी चांगली रीत त्याच्यापाशी नाही म्हणून ठेवतो. काही अंधश्रद्धेचा भाग असेल तर तो वगळावा आणि बाकीचे ख्रिस्ती माणसानेही करावे, असे त्याचे मत होते.

१६३० च्या दशकात फिलिपिन्सहून डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांचे मिशनरी फूच्येन प्रांतात आले. दरबारातील विद्वानांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, ते खेड्यापाड्यांत राहत. तेथे त्यांना दिसले की लोक पूर्वजांपाशी पाऊस, पुत्र आणि पीक मागतात, आणि त्या लाकडी पट्टीत मृताचा आत्मा येऊन बसतो असे मानतात. पट्टीवर 'आत्म्याचे आसन' अशा अर्थाची अक्षरेही असत. वाद लांबत गेला त्याचे एक कारण माझ्या मते हेच आहे, की दोन्ही बाजूंनी जे पाहिले ते खरे होते. एकच कृती पेकिंगच्या विद्वानाच्या घरी स्मरण होती आणि फूच्येनच्या शेतकऱ्याच्या घरी आराधना होती. रोमला मात्र एकच उत्तर हवे होते.

डोमिनिकन धर्मगुरू मोरालेस स्वतः रोमला गेला आणि १६४५ मध्ये या प्रथांविरुद्ध निर्णय मिळवून आला. मग जेझुइटांनी मार्तीनो मार्तिनी याला पाठवले. त्याने प्रथांचे वर्णन वेगळ्या रीतीने मांडले आणि १६५६ मध्ये परवानगी आणली. १६६९ मध्ये विचारणा झाली तेव्हा रोमने सांगितले की दोन्ही निर्णय लागू आहेत, परिस्थिती जशी असेल तसे समजावे. या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही. त्यात राजकारणाचीही भर पडत गेली. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचे पालकत्व चालू राहावे, की रोमने १६२२ मध्ये नेमलेल्या धर्मप्रचार मंडळाने थेट कारभार पाहावा, याची ओढाताण सुरू होती, आणि त्यात फ्रेंच मिशनरी संस्थाही उतरली होती.

दरम्यान पेकिंगमध्ये जेझुइटांचे दिवस चांगले चालले होते. आदम शालने सम्राटाचे खगोल कार्यालय सांभाळले, फर्दिनांद फर्बीस्टने १६६९ मध्ये पंचांगाच्या गणिताची कसोटी जिंकली, आणि १६८९ मध्ये रशियाशी झालेल्या नेर्चिन्स्कच्या तहात दोन जेझुइट दुभाषे म्हणून बसले. सम्राट कांगशीने १६७५ मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरात 'चिंग-थ्येन', म्हणजे स्वर्गाचा आदर करा, ही अक्षरे लिहून त्यांच्या चर्चला दिली. त्यांच्या प्रती इतर चर्चमध्येही टांगल्या गेल्या. १६९२ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माला परवानगी देणारा आदेश काढला. १७०० च्या सुमारास चीनमध्ये सुमारे दोन लाख कॅथलिक असावेत, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. पण परवानगीच्या आदेशानंतर पुढच्याच वर्षी, १६९३ मध्ये, फूच्येनमधील रोमचा प्रतिनिधी शार्ल मेग्रो याने आपल्या क्षेत्रात या प्रथांवर बंदी घातली, 'शांग-ती' आणि 'थ्येन' हे शब्द निषिद्ध ठरवले आणि सम्राटाच्या अक्षरांच्या त्या पाट्या उतरवण्यास सांगितले.

जेझुइटांनी १७०० मध्ये थेट सम्राटालाच विचारले. आमची समजूत अशी आहे की कन्फ्यूशियसचा मान गुरू म्हणून ठेवला जातो, पूर्वजांना वंदन प्रेम आणि कृतज्ञता म्हणून केले जाते, आणि स्वर्गाला दिलेला बळी डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाला नसून त्याच्या स्वामीला असतो, हे बरोबर आहे का? कांगशीने बरोबर आहे असे उत्तर दिले. याहून अधिकृत साक्ष कोणती असू शकेल, असे जेझुइटांना वाटले असणार. रोममध्ये मात्र परिणाम उलटा झाला. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या राजाकडे नेलाच कसा, असा आक्षेप निघाला. १७०४ च्या नोव्हेंबरमध्ये पोप अकरावा क्लेमेंट याने प्रथांविरुद्ध निर्णय दिला.

हा निर्णय होण्याआधीच पोपचा दूत शार्ल दे तूर्नों पूर्वेकडे निघाला होता. वाटेत तो पाँडिचेरीला थांबला आणि तेथे १७०४ च्या जूनमध्ये त्याने तमिळ ख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घालणारा आदेश काढला. तो वाद रोबेर्तो दे नोबिलीच्या काळापासून चालत आला होता. नोबिली १६०६ पासून मदुराईत संन्याशाच्या वेशात राहत असे, आणि ब्राह्मण ख्रिस्ती झाला तरी त्याने जानवे व शेंडी ठेवण्यास हरकत नाही असे त्याचे मत होते. गोव्यात १६१९ मध्ये भरलेल्या बैठकीत बहुतेकांनी त्याला विरोध केला, तरी १६२३ मध्ये पोपने त्याला परवानगी दिली होती. म्हणजे चीन आणि दक्षिण भारत यांचे प्रश्न एकच होते, आणि एकाच माणसाने थोड्या वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे हात घातला.

तूर्नों १७०५ च्या डिसेंबरमध्ये पेकिंगला पोहोचला. सुरुवातीला कांगशीने त्याचे चांगले स्वागत केले. पण हा दूत नेमका कशासाठी आला आहे ते उलगडत गेले तसा सम्राट अस्वस्थ होऊ लागला. चिनी ग्रंथांविषयी बोलू शकेल असा जाणकार म्हणून तूर्नोंने मेग्रोचे नाव पुढे केले. १७०६ च्या उन्हाळ्यात मेग्रोला चीनच्या मोठ्या भिंतीपलीकडील शाही मुक्कामी बोलावण्यात आले. वीसहून अधिक वर्षे चीनमध्ये काढलेल्या या माणसाला सम्राटाशी बोलण्यासाठी दुभाषा लागला. सिंहासनाच्या वर लिहिलेली चार अक्षरे वाच असे सम्राटाने सांगितले, तेव्हा त्याला त्यांपैकी एकच ओळखता आले. कांगशीच्या संतापाचे कारण समजणे कठीण नाही. जो माणूस दारावरची पाटी वाचू शकत नाही, तो घरातल्या लोकांच्या नमस्काराचा अर्थ ठरवतो आहे!

त्यानंतर सम्राटाने आदेश काढला की, ज्या मिशनऱ्याला चीनमध्ये राहायचे असेल त्याने रिच्चीची पद्धत पाळण्याचे आणि युरोपला परत न जाण्याचे वचन देऊन परवाना घ्यावा. उत्तर म्हणून तूर्नोंने १७०७ च्या आरंभी नानचिंग येथून प्रथांवरील बंदी जाहीर केली. सम्राटाने त्याला मकावला पाठवले. तेथे पोर्तुगीजांनी, आपला पालकत्वाचा हक्क डावलून आलेला दूत म्हणून, त्याला नजरकैदेत ठेवले, आणि १७१० मध्ये तो तेथेच मरण पावला. १७१५ मध्ये पोपने बंदीचा पुनरुच्चार करून प्रत्येक मिशनऱ्याला तशी शपथ घेणे बंधनकारक केले. परवान्यासाठी एक वचन आणि धर्मकार्यासाठी त्याच्या नेमकी उलट शपथ, अशा कात्रीत ते लोक सापडले. पोपचा हा आदेश १७२१ मध्ये कांगशीने वाचला, तेव्हा त्याने त्यावर लिहिले की, या पाश्चात्त्यांना चीनच्या थोर तत्त्वांची समज नाही, आणि यापुढे त्यांना येथे धर्मप्रचार करू देऊ नये, म्हणजे कटकट उरणार नाही. त्याच्यानंतर आलेल्या युंगचेंग सम्राटाने १७२४ मध्ये धर्मावर पूर्ण बंदी घातली. दरबारात उपयोगी असणारे काही जण सोडून बाकीच्यांना दक्षिणेकडील कँटन (आजचे क्वांगचौ) बंदरात नेण्यात आले, आणि चर्चच्या इमारती कोठारे व शाळा झाल्या. १७४२ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याने यापुढे हा वाद काढायचाच नाही असा अंतिम आदेश दिला.

या निर्णयाची सर्वांत जड किंमत कोरियाने मोजली. तेथे ख्रिस्ती धर्म मिशनऱ्यांमुळे नव्हे, तर पुस्तकांमुळे गेला. पेकिंगहून आणलेले रिच्ची व इतरांचे चिनी ग्रंथ कोरियन विद्वानांनी वाचले, आणि १७८४ मध्ये यी सुंग-हुन याने पेकिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला. परत येऊन त्याने इतरांना तो दिला आणि एकही धर्मगुरू नसताना चर्च सुरू झाले. ज्या पुस्तकांनी त्यांना ओढले, त्यांत कन्फ्यूशियस आणि ख्रिस्त यांचा मेळ होता. पूर्वजांच्या पूजेवर बंदी आहे, हे पेकिंगच्या बिशपकडून त्यांना १७९० मध्ये कळले. काही जणांनी तेव्हाच धर्म सोडला. युन जी-चुंग या विद्वानाने आपल्या घरातील पूर्वजांच्या पट्ट्या जाळल्या आणि आईच्या मृत्यूनंतर परंपरागत विधी केले नाहीत. १७९१ मध्ये त्याचा आणि त्याच्या नात्यातील एका भावाचा जोन्जू येथे शिरच्छेद झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कोरियात ख्रिस्ती लोकांवर छळाच्या लाटा येत राहिल्या. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेउल येथे युन जी-चुंग आणि १२३ सोबत्यांना 'धन्य' म्हणून घोषित केले.

प्रोटेस्टंट मिशनरी आले तेव्हा शब्दाचा वाद त्यांच्याही मागे लागला. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला पोहोचला. पण चिनी भाषेतील संपूर्ण प्रोटेस्टंट बायबल पहिल्यांदा छापून निघाले ते बंगालमधील श्रीरामपूर येथे, १८२२ मध्ये. जोशुआ मार्शमन आणि मकावमध्ये वाढलेला आर्मेनियन जोआनेस लासार यांचे ते काम होते, आणि मॉरिसनचे भाषांतर पुढच्याच वर्षी बाहेर आले. १८४० च्या दशकात सामायिक भाषांतरासाठी सर्वजण शांघायला जमले, तेव्हा ब्रिटिश मिशनरी 'शांग-ती' या शब्दासाठी अडून बसले आणि बहुतेक अमेरिकन 'शन्' या शब्दासाठी. 'शन्' म्हणजे देव, देवता, आत्मा, असे सारे काही. जेम्स लेग हा स्कॉटिश पंडित 'शांग-ती'चा कट्टर समर्थक होता. १८७३ मध्ये त्याने पेकिंगच्या स्वर्गवेदीवर अनवाणी उभे राहून आपल्या सोबत्यांबरोबर ख्रिस्ती स्तोत्र म्हटले, कारण तेथे सम्राट ज्याची आराधना करतो तो आपलाच देव आहे असे त्याला मनापासून वाटत होते.

त्याच शब्दाने भलतेच वळणही घेतले. परीक्षेत पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण झालेल्या हुंग श्यूछ्वान याने एका ख्रिस्ती पुस्तिकेवरून स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानले आणि 'शांग-ती'च्या उपासकांची संघटना उभी केली. चिनी सम्राटाच्या पदवीत 'ती' हे अक्षर येते. हा देवाच्या नावाचा अपहार आहे, असे त्याच्या अनुयायांचे म्हणणे होते, म्हणून हुंगने स्वतः 'राजा' एवढीच पदवी घेतली. १८५० ते १८६४ या काळात झालेल्या या थायफिंग बंडात दोन कोटींहून अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. तोवर अफूच्या युद्धांनंतरच्या तहांनी मिशनऱ्यांना संरक्षण दिले होते, आणि धर्म तोफांच्या सावलीत आल्याची भावना चिनी मनात घट्ट बसली. एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला, असे लोक म्हणू लागले. १९०० मध्ये परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावात हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले.

रोमने आपला निर्णय बदलला तो विसाव्या शतकात, आणि ज्या रीतीने बदलला ती मला फार बोलकी वाटते. जपानमध्ये शिंतो मंदिरांपुढील वंदन केवळ देशप्रेमाचे व नागरी स्वरूपाचे आहे, असे तेथील सरकारने सांगितले. ते ग्राह्य धरून रोमने १९३६ मध्ये कॅथलिकांना तशी परवानगी दिली. त्यानंतर ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावा पायस याच्या काळात, कन्फ्यूशियस व पूर्वज यांना वंदन करण्याची मोकळीक चिनी कॅथलिकांना मिळाली आणि मिशनऱ्यांची शपथ रद्द झाली. राज्यकर्त्याने प्रथेचा अर्थ सांगायचा आणि चर्चने तो मानायचा, हेच १७०० मध्ये कांगशीच्या बाबतीत अमान्य झाले होते. मधल्या दोनशे एकोणचाळीस वर्षांत कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरील परीक्षाही बंद झाली होती आणि सम्राटही उरला नव्हता.

चिनी प्रोटेस्टंट बायबलचे १९१९ चे प्रमाण भाषांतर आजही दोन प्रकारांत छापले जाते. एकात देवासाठी 'शांग-ती' हा दोन अक्षरी शब्द असतो, दुसऱ्यात 'शन्' हे एक अक्षर. दोन्हींची पाने जुळावीत म्हणून 'शन्'च्या आधी एका अक्षराएवढी जागा कोरी सोडतात, आणि ती कोरी जागा देवाविषयीचा आदर दाखवते असेही वाचणारे मानतात. व्हिएतनामच्या कॅथलिकांना १९६४ मध्ये पूर्वजवंदनाची परवानगी मिळाली. तैवानमध्ये कार्डिनल यू पिन यांनी १९७१ मध्ये चिनी नववर्षाच्या वेळी पूर्वजांना सार्वजनिक वंदन करण्याची प्रथा सुरू केली, आणि आता तेथील अनेक कॅथलिक चर्चमध्ये नववर्षाच्या दिवशी प्रार्थनेनंतर पूर्वजांच्या नावाची पट्टी मांडली जाते, तिच्यापुढे फुले, फळे व उदबत्ती ठेवली जाते, आणि धर्मगुरूंसह सर्वजण तिच्यापुढे तीनदा वाकून नमस्कार करतात.